चार गुणांचं रसग्रहण

शाळेतल्या मुलांना कवितेवर लिहायला लावण्याच्या प्रश्नाला आपल्या प्रत्येक भाषेनं वेगळं नाव ठेवलं आहे. हिंदीत ती 'सप्रसंग व्याख्या' असते. आधी ओळ कुठली, कुणाची, कशाच्या संदर्भातली ते सांगायचं आणि मग अर्थाला हात घालायचा. बंगालीत 'भावसंप्रसारण' आहे, म्हणजे चिमटीत मावेल एवढा भाव ओंजळभर करून दाखवायचा. इंग्रजी माध्यमातली मुलं 'क्रिटिकल ॲप्रिसिएशन' करतात, चिकित्सा आणि कौतुक एका दमात. मराठीत आम्ही 'रसग्रहण' म्हणतो. नाव गोड आहे, पण त्यातून मुलाला काहीच उलगडत नाही. रस ग्रहण करायचा हे ठीक, पण तो केला हे दुसऱ्याला कागदावर कसं पटवायचं, ते या शब्दात कुठेच नाही. आमचा जिल्हा उसाचा. नववीतल्या एका मुलानं पहिल्याच तासाला विचारलं होतं, "बाई, रस घेतल्यावर चिपाड कुठं टाकायचं?" वर्ग हसला. मीही हसले, पण प्रश्न चुकीचा नव्हता. चिपाड मुलं उत्तरपत्रिकेत टाकतात आणि आम्ही शिक्षक ते मोजून गुण देतो.

मी सोलापूरच्या पूर्वभागात नववी-दहावीला मराठी शिकवते, या वर्षी सव्वीस वर्षं होतील. हे शहर ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर, माझ्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांच्या घरात तेलुगू बोलतात. त्यांचे पणजे-खापरपणजे मागावर काम करायला तेलंगणातून इथे आले. काही घरांत कन्नड आहे, काहींत दखनी. मराठी ही यांच्या शाळेची, दुकानाच्या पाट्यांची आणि शिव्यांची भाषा. घरी विड्या वळणाऱ्या आईशी मुलगी तेलुगूत बोलते, सूप खाली ठेवून दप्तर उचलते आणि दहा मिनिटांत माझ्यासमोर बसून मराठी कवितेचं सौंदर्य सांगू लागते. हे मी कौतुकानं सांगत नाही. या लेखात पुढे जे घडतं ते यावाचून समजणार नाही, म्हणून सांगते.

दहावीच्या प्रश्नपत्रिकेत रसग्रहणाला चार गुण असतात. मुलांनी कशाकशावर लिहावं याचे मुद्दे ठरलेले आहेत: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. मुद्दे वाईट नाहीत. कविता काय म्हणते, ते कसं म्हणते आणि कुठल्या शब्दांत म्हणते, एवढंच त्यांचं म्हणणं आहे. कुठल्याही कवितेला हे तीन प्रश्न विचारावेच लागतात. बिघडतं ते पुढे. प्रत्येक मुद्द्याखाली घालायला वाक्यं तयार मिळतात. 'कवीने अत्यंत समर्पक शब्दांत भावना व्यक्त केल्या आहेत.' 'साधी, सोपी, ओघवती भाषा हे या कवितेचे वैशिष्ट्य आहे.' 'यमक अलंकारामुळे कवितेला गेयता प्राप्त झाली आहे.' 'ही कविता वाचकाच्या मनाला भिडते.' ही वाक्यं गाईडात असतात, क्लासच्या नोट्समध्ये असतात आणि आता मोबाइलला विचारलं तर तोही अदबीनं हीच लिहून देतो. मोबाइलचं मला विशेष वाटत नाही. तो शिकला कुणाकडून? आपल्याकडूनच.

अशा वाक्यांसाठी माझ्याकडे एक परीक्षा आहे, कुणालाही करता येईल अशी. वाक्यातलं कवितेचं नाव खोडायचं आणि तिथे दुसऱ्याच एखाद्या कवितेचं नाव घालायचं. वाक्य तरीही खरं राहिलं तर ते पहिल्या कवितेबद्दल काहीच बोलत नव्हतं. ते गेलं तरी चालेल. ही परीक्षा मी वर्गात घेते तेव्हा मुलांच्या वहीत पानभर लिहिलेल्यापैकी दोन वाक्यं शिल्लक राहतात, कधी एक, कधी काहीच नाही. मुलं गोंधळतात. मग एखादं विचारतं, "बाई, मग लिहायचं काय?" आणि माझ्या दृष्टीनं रसग्रहणाचा तास तिथे सुरू होतो.

आय. ए. रिचर्ड्स या केंब्रिजच्या प्राध्यापकानं आपल्या विद्यार्थ्यांना कवींची नावं काढून टाकून कविता दिल्या आणि मनात येईल ते लिहून आणायला सांगितलं. त्या उत्तरांवर त्यानं 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' हे पुस्तक लिहिलं, १९२९ साली. उत्तम शाळांतून आलेल्या त्या मुलांचेही कवितेचा सरळ अर्थ लावताना पाय घसरत होते, आणि कविता समोर असताना ती न वाचता मनात आधीच साठवलेल्या भावना ती कागदावर ओतत होती. अशा साठवणीतल्या प्रतिसादांना त्यानं नावही दिलं. ते पुस्तक मी बी.एड. करताना वाचलं आणि नंतर विसरले. शिकवायला लागल्यावर ते रोज आठवू लागलं. साठवणीतला प्रतिसाद ही काही गरीब शाळेची मिरास नाही.

मुलांना हे दाखवायला मी मुद्दाम सगळ्यांना पाठ असलेली कविता घेते. अनोळखी कविता मुलं भीत भीत का होईना वाचतात, पाठ असलेली कविता कुणीच वाचत नाही. कुसुमाग्रजांची 'कणा' आमच्याकडे इतक्या भाषणांत, फलकांवर आणि निरोप समारंभांत वापरली गेली आहे की तिची शेवटची ओळ आता घोषणेसारखी झाली आहे. मराठी न वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: पावसात एक माणूस आपल्या जुन्या सरांकडे येतो. नदीच्या पुरात त्याचं घर गेलं आहे. तो ते सांगतो, सरांचा हात खिशाकडे जाताच पैसे नकोत म्हणतो, आणि पाठीवर हात ठेवून एक शब्द बोला, एवढंच मागतो.

वर्गात विचारलं की पन्नासच्या पन्नास मुलं सांगतात, ही जिद्दीची कविता आहे, स्वाभिमानाची कविता आहे. खोटं नाही ते. पण नाव बदलून पाहा, आणखी शंभर कविता जिद्दीच्या निघतील. म्हणून मी कविता फळ्यावर पूर्ण लिहिते, पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही असं सांगते आणि मग एकच विचारते, "कुठल्या शब्दाशी अडखळलात?"

आवडलेला शब्द मी विचारत नाही. आवडलेलं सांगताना मुलं बाईंना काय आवडेल ते सांगतात. अडखळणं ज्याचं त्याचं असतं.

एका वर्षी त्या प्रश्नावर पहिला हात आला तो गंगेवर. महाराष्ट्रात गंगा कुठून आली? कुणी म्हणालं, हा माणूस उत्तरेकडचा असेल. मी सांगितलं की कुसुमाग्रज नाशिकचे, आणि नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, नदीवर जाऊन येतो म्हणायचं तर गंगेवर जाऊन येतो म्हणतात. मुलांना ही माहिती फार आवडली आणि पुढच्या तासाला सगळ्यांच्या वहीत ती पहिल्या ओळीत आली. तिथे मला ती खाली ढकलावी लागली. कवीचं गाव, जन्मसाल, ज्ञानपीठ या सगळ्यानं रसग्रहणाची सुरुवात केली की पान भरतं आणि कविता बाहेर पावसात उभीच राहते. बाहेरची माहिती घ्यावी, पण कवितेतल्या एखाद्या शब्दानं दार ठोठावल्यावर.

दुसरं अडखळणं एका मुलाचं होतं. हा माणूस आपल्या बायकोला दोनदा दोन वेगळ्या शब्दांनी का बोलावतो? पुरातून वाचली ते सांगताना ती बायको आहे. भिंत बांधायला, गाळ काढायला दोघं लागली तेव्हा ती कारभारणी झाली. "बाई, कारभार तर सगळा वाहून गेला ना?" मी म्हटलं, हेच लिही. भाषिक वैशिष्ट्यांखाली 'साधी, सोपी, ओघवती' याऐवजी एवढं लिहिलंस तरी पुरे: घर गेल्यावर माणसानं बायकोला घरधनिणीचा मान दिला, आणि हे तो भाषण करून सांगत नाही, नुसतं हाक बदलून सांगतो. त्या मुलानं ते लिहिलं, आणि खाली सवयीनं 'ही कविता मनाला भिडते' असंही लिहिलं. सवय एका तासात जात नाही.

तिसरा हात एका मुलीचा होता. तिच्यामुळेच हा लेख लिहिते आहे. ती 'पाहुणी' या शब्दाशी अडखळली होती. नदीनं घर नेलं, चूल विझवली, आणि हा तिला पाहुणी म्हणतो. माई म्हणतो. माहेरी आलेल्या लेकीची उपमा देतो. का?

वर्गातला एक चुणचुणीत मुलगा लगेच म्हणाला, "टोमणा मारतोय तो." आमच्याकडे पाहुणे आले की जात नाहीत, त्यावरचे विनोद सगळ्यांना माहीत. लेक माहेरी आली की रिकाम्या हातानं परत पाठवायची नाही हा रिवाज आहे, आणि कवितेतली नदीही घरातलं सगळं घेऊनच गेली आहे. म्हणजे ही थट्टा आहे, कडू थट्टा. पुरावा? त्यानं बोट ठेवलं: बोलण्याआधी तो माणूस हसतो, असं कवितेत स्पष्ट आहे.

मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हसतो, पण मग वर बघून बोलतो. टोमणा मारणारा समोर बघतो."

मी खडू खाली ठेवला. सव्वीस वर्षांत असे तास बोटांवर मोजण्याइतके येतात. एकाच ओळीतला अर्धा भाग एकाच्या बाजूनं आणि अर्धा दुसरीच्या बाजूनं. उपमा अलंकार आहे असं लिहून पुढे सरकणाऱ्या वर्गाला अचानक त्या उपमेत बसलेली माणसं दिसू लागली. नदी लेक असेल तर हा माणूस तिचा बाप झाला, आणि बापाला लेकीला शिव्या देता येत नाहीत. अलंकाराचं नाव सांगणं हा पंचनामा आहे. त्या अलंकारानं कुणाचं कुणाशी नातं लावलं, ते सांगणं म्हणजे वाचणं.

पण मुलीचं म्हणणं अजून पुरं झालं नव्हतं. ते तिनं वर्गात सांगितलं नाही, लिहिलं. आमच्या तीन-चार शाळा मिळून दिवाळीनंतर एक सराव परीक्षा घेतात आणि पेपर अदलाबदल करून तपासतात. त्या वर्षी रसग्रहणाला पुस्तकाबाहेरची, पण सगळ्यांच्या ओळखीची कविता द्यायचं ठरलं आणि नेमकी हीच कविता आली. तिचं उत्तर मी नंतर उतरवून ठेवलं. त्यातला मधला भाग असा:

'आमच्या घरी कुणाला कांजिण्या झाल्या तर आजी आजार म्हणत नाही. अम्मवारू आली म्हणते, म्हणजे देवी आली. तिला रागावायचं नसतं. तिच्याशी चांगलं बोलायचं म्हणजे ती शांतपणे जाते. या कवितेतला माणूस पुराला माई म्हणतो, पाहुणी म्हणतो आणि डोळ्यांत राहिलेल्या पाण्याला प्रसाद म्हणतो. देवी आल्यावर जसं बोलतात तसं तो बोलतो आहे. त्याला राग आला नाही असं नाही. पण जे आपल्यापेक्षा मोठं आहे त्याला मान देऊन बोललं की आपण त्याच्यापुढे लहान होत नाही.'

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा शिक्षकांच्या खोलीत कुणी नव्हतं याचं बरं वाटलं. ही कविता मी न जाणे किती वेळा शिकवली आहे. माई, पाहुणी, प्रसाद हे तीन शब्द एका माळेत ओवलेले मला दिसले नव्हते, कारण ती माळ माझ्या घरी नव्हती. मराठीतही मोठ्या रोगाला देवीच म्हणत, पण माझ्या पिढीच्या शहरी कानाला तो नुसता रोगाचा शब्द झाला होता. नंतर मी इतर भाषांतल्या मित्रांना विचारत सुटले. हिंदीत माता येते. तमिळमध्ये त्या रोगाचं नावच आईच्या नावावर आहे, अम्मै. बंगालीत 'मायेर दया' म्हणतात, आईची कृपा. आणि प्रसाद या शब्दाचाही मूळ अर्थ कृपाच. दहावीतल्या मुलीनं यातलं काही शोधलेलं नव्हतं. तिनं आजीचं ऐकलं होतं आणि कविता नीट वाचली होती.

तिला चारपैकी दीड गुण मिळाला. समासात लाल शाईनं लिहिलं होतं: विषयांतर.

मी तपासणाऱ्या सरांना फोन केला. ते दुसऱ्या शाळेतले, अनुभवी, माझ्यापेक्षा चारपाच वर्षांनी मोठे. भांडायच्या तयारीनं केला होता फोन. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, मुलगी हुशार आहे हे मला कळलं. मी ते उत्तर दोनदा वाचलं. पण मार्चमध्ये तिचा पेपर ज्याच्याकडे जाईल त्याच्यासमोर गठ्ठा असणार. तो तीन मुद्दे शोधणार, सापडले की टिक. तिच्या उत्तरात एकाही मुद्द्याचं नाव नाही. आत्ता मी चार दिले तर ती मार्चमध्येही असंच लिहील आणि तिथे तिला सांगायला कुणी नसेल." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि कांजिण्या कवितेत नाहीत, हे तर खरंच ना?"

यातल्या पहिल्या भागावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. आईच्या विड्यांच्या मजुरीवर शिकणाऱ्या मुलीचा पॉलिटेक्निकचा प्रवेश अर्ध्या टक्क्यानं हुकू शकतो, आणि तो हुकला तर मी तिला काय सांगणार होते, तुझं वाचन सुंदर होतं म्हणून? तपासणारे सर दुष्ट नव्हते. त्यांना ती मुलगी वाचवायची होती, फक्त त्यांच्या वाचवण्यात तिचं वाचन बुडत होतं.

दुसऱ्या भागावर मात्र मी भांडले, आणि अजून भांडेन. कांजिण्या कवितेत नाहीत हे खरं आहे. पण माई आहे, पाहुणी आहे, प्रसाद आहे, वर पाहणं आहे. मुलीनं घरचा अनुभव कवितेवर लादला नव्हता, तो कवितेतल्या चार शब्दांना जोडून दाखवला होता. विषयांतर कधी होतं? आजीची गोष्ट सांगता सांगता मूल कवितेकडे परत येत नाही तेव्हा. ही परत आली होती, तेही मोकळ्या हातांनी नाही.

मराठीत 'टीका' या शब्दाचं काय झालं पाहा. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका, इसवी सन १२९० मधली, आणि तिच्यात ज्ञानदेव गीतेचा एकेक शब्द घेऊन तो शेतातल्या, स्वयंपाकघरातल्या, आईलेकरांच्या दाखल्यांनी उलगडतात. तेव्हा टीका म्हणजे उलगडणं. आज कुणी टीका केली म्हणजे दोष काढले. मधल्या काळात दाखले गळून गेले. त्या मुलीचं उत्तर जुन्या अर्थानं टीका होतं. आता ज्ञानदेवांनाही कुणी समासात विषयांतर लिहिणार का?

आणि मल्लिनाथ. कालिदासाच्या काव्यांवर टीका लिहिणारा हा विद्वान तेलुगू मुलखातला. माझ्या मुलांना हे सांगितलं की त्यांची मान ताठ होते, म्हणून मी सांगते. त्यानं आपल्या टीकेच्या आरंभी दोन गोष्टी कबूल केल्या आहेत: आधार नसलेलं काही लिहिणार नाही आणि गरज नसलेलं काही बोलणार नाही. रसग्रहण कसं लिहावं यावर मी वाचलेल्या सगळ्या पुस्तकांपेक्षा हे मला पुरेसं वाटतं. कवीचं जन्मसाल गरज नसलेलं. 'मनाला भिडते' आधार नसलेलं. मल्लिनाथानं टीकेला नाव दिलं 'संजीवनी', आणि त्याचं कारणही तिथेच सांगितलं: वाईट व्याख्यांच्या विषानं कालिदासाची वाणी मूर्च्छित पडली आहे, तिला पुन्हा जिवंत करायचं आहे. म्हणजे सहाशे वर्षांपूर्वीही गाईडं होती तर!

पण मल्लिनाथाला मार्चची परीक्षा नव्हती. माझ्यासमोर ती मुलगी दीड गुणाचा पेपर घेऊन उभी होती. ती रडली वगैरे नाही. तिनं कामाचं विचारलं, "बाई, अम्मवारू काढून टाकू का?"

मी म्हटलं, काढू नकोस. पण वाचणारा दमलेला आहे हे धरून लिही. त्याला जे तीन मुद्दे हवेत त्यांची नावं स्वच्छ लिही, आणि प्रत्येक नावाखाली पहिलं वाक्य असं घाल की त्याला टिक करता येईल. आशयसौंदर्याखाली कवितेत काय घडतं ते दोन ओळींत. मग तुझं म्हणणं एका वाक्यात, ज्याला कुणी 'नाही' म्हणू शकेल असं. 'पूर ही आपत्ती आहे' याला कुणी नाही म्हणणार नाही, म्हणून ते लिहून उपयोग नाही. 'हा माणूस पुराशी देवीशी बोलावं तसं बोलतो' याला तो टोमणेवाला मुलगा नाही म्हणेल, म्हणून ते लिहायचं. मग शब्द. पूर्ण ओळ उतरवायची नाही, जागा खाते आणि मुलांना वाटतं ओळ लिहिली म्हणजे सिद्ध झालं. एकेक शब्द उचलायचा आणि तो काय करतो ते सांगायचं. आजी शेवटी, एका वाक्यात. आजी साक्षीदार आहे, खटला कवितेचा आहे.

आणि टोमणेवाल्याचंही लिही, असं मी सांगितलं. त्याचं हसणं कवितेत आहे, ते लपवलंस तर तुझं म्हणणं लंगडं. तिनं ते फार छान सोडवलं. देवी आल्यावर आजीसुद्धा हसून बोलते, असं तिनं लिहिलं, आणि तो माणूस कवितेत दोनदा हसतो हेही नोंदवलं: एकदा दुःख सांगण्याआधी आणि एकदा सरांचा हात खिशाकडे गेल्यावर. पहिलं हसणं नदीसाठी, दुसरं सरांसाठी. दोघांनाही त्याला दुखवायचं नाही. हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

दहावीच्या परीक्षेत तिला वेगळी कविता आली. उत्तरपत्रिका मला दिसण्याचा प्रश्न नव्हता. ती पॉलिटेक्निकला गेली. रसग्रहणात किती मिळाले ते तिलाही माहीत नाही. एकूण मराठीत सत्त्याऐंशी होते.

परीक्षेआधीच्या जानेवारीतली एक गोष्ट राहिली. ती ते सुधारलेलं उत्तर घरी मोठ्यानं वाचत होती. आई विड्या वळत होती. आईला मराठी समजतं, पण कवितेचं नाही. म्हणून तिनं कविता तेलुगूत सांगितली, पहिल्यापासून: पाऊस, चिखल, पाहुणी, विझलेली चूल, गाळ काढणं, खिशाकडे गेलेला हात, पाठीवर हात ठेवा ही मागणी. आईनं हात न थांबवता विचारलं, "मग सर काय म्हणाला?"

मुलीनं दुसऱ्या दिवशी हा प्रश्न वर्गात आणला. सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, सर म्हणाले ना, लढ! मी फळ्याकडे बोट केलं. मुलं पुन्हा वाचू लागली आणि वर्ग हळूहळू गप्प झाला. कवितेत सर पहिल्यापासून शेवटपर्यंत एक शब्दही बोलत नाहीत. मागणी झाली आणि कविता संपली. सरांनी पाठीवर हात ठेवला की नाही, तो शब्द उच्चारला की नाही, काहीच लिहिलेलं नाही. इतकी वर्षं फलकांवर आणि भाषणांत जो हात आपण पाठीवर ठेवलेला पाहतो, तो आपणच ठेवलेला आहे. कुणीतरी म्हणालं, तो आधीच लढतो आहे असं स्वतःच सांगतो की, मग सरांनी कशाला सांगायला हवं? मागच्या बाकावरून उत्तर आलं, "त्याला सांगायला नाही, कुणीतरी बघायला पाहिजे असेल." टोमणेवाला मुलगा तेवढ्यात उभा राहिला. "बाई, सरांचा हात अजून खिशाकडेच आहे. कविता सगळी त्या हाताचीच आहे. खिशाकडून पाठीकडे न्यायचाय, आणि न्यायच्या आधी संपली."

तासाची घंटा झाली. मुलीनं वही बंद करण्याआधी शेवटी दोन वाक्यं जोडली होती, ती मी संध्याकाळी तपासताना वाचली. 'सर काय म्हणाले ते कवितेत नाही. माझी आई म्हणते, तो माणूस अजून उभा असेल.'